सहा जणांची सात घरं

मीटरला कुणी किती वाजले विचारलं, तर तो आधी आपलं घड्याळ बरोबर आहे की नाही ते पडताळून बघायचा आणि तोवर विचारणारा निघून गेलेला असायचा. विजेच्या वस्तू दुरुस्त करायचं दुकान त्यानं घराच्या पुढच्या खोलीत थाटलं होतं. वीज मोजायच्या मीटरच्या लाल-काळ्या वायरी सदा खिशातून लोंबत, म्हणून त्याचं नावच मीटर पडलं. खरं नाव आता फक्त लाइटबिलावर उरलं होतं.

मागच्या खोलीत त्याची आत्या राहायची. आत्यानं चाळीस वर्षं लग्नं जुळवली होती. दोन वर्षांपूर्वी तिचे पाय गेले आणि बॅटरीवर चालणारी चाकाची खुर्ची घरात आली. सहा महिने खुर्ची झकास पळाली, मग बॅटरीनं मान टाकली. कंपनीनं ते मॉडेलच बंद केलेलं, त्यामुळे नवी बॅटरी कुठं मिळेना. तेव्हापासून मीटर खुर्ची ढकलत आत्याला लोकांकडे न्यायचा, आणि तिथूनच सगळा घोटाळा सुरू झाला.

कारण लोक खुर्चीतल्या माणसाशी बोलत नाहीत, खुर्चीमागच्या माणसाशी बोलतात. आत्या समोर बसलेली असायची, तोंड उघडायच्या बेतात असायची आणि यजमान तिच्या डोक्यावरून मीटरला विचारायचे, की यांना चहा चालतो का. चहाचं एक वेळ ठीक होतं. पुढं ते मुलाचा स्वभाव कसा आहे तेही मीटरलाच विचारायचे, आणि मीटर सरळ सांगायचा की तपासलेला नाही. एका ठिकाणी आत्यानं मुलाची उंची पाच फूट आठ इंच सांगितलेली होती. मीटरनं तिथंच दुरुस्ती केली की पाच-सव्वासहा, मी टेपनं मोजली आहे. दीड वर्षात आत्याच्या हातून एकही लग्न जुळलं नाही. पाय गेल्यावर ती रडली नव्हती, पण त्या उंचीच्या प्रकरणानंतर रडली.

"मला एकटीला जाता आलं पाहिजे," तिनं त्या दिवशी मीटरला सांगितलं. "माझ्या मागं कुणी उभं नको. तूसुद्धा नको. तू तर नकोच."

मीटरला वाईट वाटलं, पण त्याला पटलं. बॅटरी मिळत नसेल तर बनवायची, असं त्यानं ठरवलं. भंगारवाल्याकडे लॅपटॉपच्या मेलेल्या बॅटऱ्यांचा ढीग असायचा. अशी बॅटरी फोडली की आत बोटाएवढे सहा सेल निघतात आणि त्यातले बहुतेक वेळा एक-दोनच खरे मेलेले असतात. बाकीचे चांगले धडधाकट असून त्या एका-दोघांपायी भंगारात आलेले असतात. खुर्चीला असे बेचाळीस सेल लागणार होते.

मीटर एकेक सेल पुरता भरायचा, पुरता रिकामा करायचा, त्याच्यात किती वीज मावली तो आकडा मार्करनं अंगावर लिहायचा. कुणाचे दोन हजार, कुणाचे अठराशे, कुणाचे चोवीसशे. भरताना जो तापेल तो थेट अंगणातल्या वाळूच्या बादलीत. उरलेले पुन्हा भरून पंधरा दिवस डब्यात ठेवायचे आणि मग परत मोजायचे. नुसतं बसून ज्याची वीज उतरली तो गळका. गळक्यांचा डबा वेगळा.

सात महिने हे चाललं. जेवायच्या टेबलावर सेल, खिडकीत सेल, आत्याच्या औषधांच्या खणात सेल. तीनशेच्या वर तपासून झाले आणि पसंत पडले एकोणीस. मीटरला सगळे एकसारखे हवे होते. दोन हजारवाला म्हणजे दोन हजारवाला, दोन हजार दहा आला तरी तो नाक मुरडून बाजूला ठेवायचा. शेवटी आत्यानं टेबलापाशी खुर्ची लावायला सांगितली आणि हे नक्की काय चाललंय ते विचारलं.

"बेचाळीस एकसारखे शोधतोय," मीटर म्हणाला.

"मला चाळीस वर्षांत दोन सापडले नाहीत," आत्या म्हणाली. "आण इकडं."

मग तिनं जोडणीची सगळी पद्धत त्याच्याकडून काढून घेतली. सहा सेल शेजारी-शेजारी जोडायचे म्हणजे ते भार वाटून घेतात. असे सात गट एकापुढं एक लावायचे म्हणजे खुर्चीला हवा तेवढा जोर मिळतो. आत्यानं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, म्हणजे सहा जणांची सात घरं. घरातली माणसं सारखी कशाला हवीत? एक कमावता, एक आजारी, एक आळशी, अशीच घरं असतात. सातही घरांची बेरीज सारखी आली म्हणजे झालं. मीटरनं हसण्यासाठी तोंड उघडलं, मग कागद घेतला, हिशेब मांडला आणि तोंड मिटलं. आत्याचं बरोबर होतं. सात महिने तो उगाचच नवरदेवांना नाकारत बसला होता.

दुसऱ्या दिवसापासून टेबल आत्याच्या ताब्यात गेलं. ती नुसत्या आकड्यावर थोडीच भागवणार? भंगारवाला आला की त्याला समोर बसवून ती प्रत्येक बॅटरीची चौकशी करायची. कुठल्या घरची, मालक काय करायचा, पहिला संसार कशानं मोडला. भंगारवाला पहिल्या दिवशी गोंधळला, दुसऱ्या दिवशी त्यानं दाढी केली आणि तिसऱ्या दिवसापासून तो थापा मारायला लागला. ही मुख्याध्यापिकाबाईंची, आत्याबाई, दिवसाला दोन पत्रं, बाकी आराम. ही एका वकिलाची, तापट आहे, पण शब्दाला पक्की. ही विधुराची, बिचारा रात्रंदिवस बायकोचे फोटो बघायचा, त्यात दमली. मीटरला हा सगळा चावटपणा वाटायचा. पण विधुराचे सेल तपासले तेव्हा सहाच्या सहा खरोखरच दमलेले निघाले आणि त्याला जेवण गेलं नाही.

आत्या वहीत नोंदी करायची. वकिलाकडचा चोवीसशे आणि विधुराकडचा चौदाशे तिनं एका घरात दिले. मुख्याध्यापिकाबाईंचे सगळे एकत्र नकोत, एकमेकींना शिकवत बसतील, म्हणून ते वेगवेगळ्या घरांत विखरून टाकले. पंधरा दिवसांत एक्केचाळीस बसले. बेरजा जुळल्या. चौथ्या घरात फक्त एक जागा राहिली आणि तिथं चोवीसशेचा एक हवा होता. तसा तपासलेला एकही शिल्लक नव्हता.

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात, ते खरंच आहे, शेवटच्या एकापाशी सगळं अडतं. मीटर म्हणाला, थांबू, नवा माल येईल. पण बेकरीवाल्याचा निरोप आला होता. त्याच्या मुलीसाठी आत्यानं एक स्थळ सुचवलं होतं आणि त्याला सोमवारी बोलायचं होतं. रविवारी सकाळी मीटर उठला तर टेबलावर चोवीसशेचा एक सेल ठेवलेला. भंगारवाला येऊन गेला, तपासून दे म्हटलं तर तपासलेलाच आहे म्हणाला, असं आत्यानं सांगितलं. मीटरनं तो एकदा मोजला, चांगला भरला, आणि घाई होती म्हणून जन्मात पहिल्यांदा त्यानं पंधरा दिवस वाट बघितली नाही.

सोमवारी सकाळी भरलेली बॅटरी मोजली तर अर्धा व्होल्ट कमी. मीटर खोलून बघू म्हणाला. अर्ध्या व्होल्टावाचून कुणाचं लग्न अडलेलं नाही, असं म्हणून आत्यानं खुर्चीच्या हातावरची चालवायची दांडी पुढं ढकलली. खुर्ची उंबऱ्यावरच्या फळीवरून उतरली आणि रस्त्याला लागली. मीटर दारातच थांबला. तसं वचनच दिलं होतं.

दहा मिनिटांनी भंगारवाला सांगत आला की आत्याबाई चौकात अडकल्या आहेत आणि मागं बस.

मीटर मीटर घेऊन पळाला. बेकरी समोर दिसत होती, साठेक पावलांवर, आणि आत्या रस्त्याच्या मधोमध वही मांडीवर घेऊन बसली होती. खुर्चीवरचा हिरवा दिवा विझला होता. मागं बस, बसमागं पाण्याचा टँकर, त्यामागं आणखी बरंच काही.

"वरातीमागून घोडं आलं," आत्या म्हणाली.

मीटरनं झाकण उघडून एकेक घर तपासलं. सहा घरं ठणठणीत होती. चौथं पार बसलं होतं, आणि त्यामुळे आतल्या सुरक्षेच्या पट्टीनं सगळीच वीज तोडली होती. चौथ्या घरातल्या नव्या सेलवर पांढरी चिकटपट्टी होती. त्यानं नखानं ती सोलली. खाली त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, गळका.

"आत्या, हा माझ्या डब्यातला आहे."

आत्यानं मान खाली घातली. "मी बघितला तेव्हा चोवीसशे होता."

"बघायच्या दिवशी सगळेच असतात."

"माहितीये मला," आत्या म्हणाली. "हे मी लोकांना सांगते. पण माझ्याकडून आजवर कुणी रिकाम्या हातानं परत गेलं नाही रे. तो एकटाच डब्यात पडला होता."

बसनं हॉर्न वाजवला. मीटरनं गळका सेल तोडून खिशात टाकला आणि सवयीनं खुर्चीच्या मागच्या मुठीला हात घातला. आत्या मागं न बघताच म्हणाली, की ढकललंस तर मी खाली उतरून रस्त्यावर बसेन. ती बसली असती. मीटरनं हात काढला आणि पुन्हा झाकणापाशी गुडघे टेकले. चौथं घर मोजलं, तर आकडा सावकाश वर सरकत होता. थकलेल्या सेलला जरा बसू दिलं की तो थोडा सावरतो. तीन मिनिटांनी हिरवा दिवा लागला. आत्यानं दांडी ढकलली, खुर्ची नऊ पावलं गेली आणि बंद पडली.

मग तसंच सुरू झालं. तीन मिनिटं बसायचं, नऊ पावलं जायचं. पुढं आठ, मग सात. बसचा ड्रायव्हर खाली उतरून आत्याच्या पुढ्यात आला आणि आणखी किती वेळ लागेल म्हणून विचारलं. आत्यानं त्याला त्याचं लग्न झालंय का ते विचारलं. झालं नव्हतं. दुसऱ्या थांब्यावर त्याची माहिती वहीत उतरली, तिसऱ्या थांब्यावर टँकरवाला बहिणीसाठी म्हणून रांगेत उभा राहिला. बसमधले लोक आधी ओरडत होते, मग खाली उतरून कुणाचं जमतंय ते बघायला लागले. मीटर खुर्चीच्या बाजूनं चालत होता. दीड वर्षं त्यानं आत्याचा फक्त अंबाडा पाहिला होता. बोलताना तिचा चेहरा असा उजळतो, हे तो विसरूनच गेला होता.

बेकरी पाच पावलांवर राहिली तेव्हा दिवा पुन्हा विझला. गडबड ऐकून बेकरीवाला पिठाचे हात घेऊन बाहेर आला. त्यानं आधी थांबलेली खुर्ची पाहिली, मग तिच्याशेजारी वायरी धरून बसलेला मीटर पाहिला आणि त्याला विचारलं, काय हो, तुम्ही आणलेला मुलगा आहे तरी कसा?

मुलगा कसा आहे ते मीटरला ठाऊक होतं. त्यानं स्वतः चौकशी केली होती, पगार, उंची, चष्म्याचा नंबर, सगळं जिभेवर होतं. तो उठून उभा राहिला.

"मला काय विचारता," तो म्हणाला. "मी बॅटरीवाला."

बेकरीवाला जरा चुळबुळला. मग हात पुसत तो खुर्चीसमोर आला, आत्याकडे नीट बघता यावं म्हणून उकिडवा बसला आणि तोच प्रश्न त्यानं तिला विचारला. आत्या बोलायला लागली. तीन मिनिटांनी दिवा लागला, पण तिचं बोलणं संपलं नव्हतं, म्हणून तिनं दांडीला हात लावला नाही. मीटर तसाच उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि मागं बसचा ड्रायव्हर लोकांना सांगत होता की अजून वेळ आहे, कुणाला घाई असेल तर चालत जा.