याद : अर्थ पहिला

नत्थुजींनी कागदावरची चिकटपट्टी विळ्यानं कापली आणि पुस्तक आधी नाकाशी नेलं. नव्या पुस्तकाचा वास घ्यायची खोड त्यांना शाळेपासूनची. मग चष्मा चढवून त्यांनी हाक मारली.

"वच्छला, ये वं! रागिणीनं आपल्याले पुस्तकात घातलं!"

वच्छलाबाई कांदा चिरत होत्या. डोळे पुसतच त्या बाहेर आल्या. या घरात इतका कांदा लागतो कशाला, ही नत्थुजींची जुनी तक्रार होती.

रागिणी म्हणजे वच्छलाबाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. अमरावतीच्या एका कॉलेजात मराठी शिकवायची. वऱ्हाडी शब्दांचा कोश करायचा म्हणून दोन उन्हाळे ती धामणगावच्या या घरात टेप लावून बसली होती. आज पहिली प्रत घेऊन स्वतःच आली होती.

"माह्यं वाक्य कोनत्या शब्दापाशी हाय?" नत्थुजींनी तिला विचारलं.

"याद. पान दोनशे सात."

नत्थुजी बोट ठेवून, बातमी वाचावी तसे मोठ्यानं वाचू लागले. "याद. फारसीतून आलेला शब्द. अर्थ दुसरा, लग्न ठरवताना दोन्ही घरांनी मिळून केलेलं टिपण. 'याद झाली, सह्या झाल्या, तवा लगन पक्कं.' पुरुष, शहात्तर, धामणगाव." त्यांनी मांडीवर थाप मारली. "मी! वच्छला, आपली याद तुह्या बापानं निळ्या शाईनं लिहिली होती. अजून हाय पेटीत."

वच्छलाबाई हसल्या.

"पन पहिला अर्थ काय?" बोट वर सरकलं. "आठवण. 'त्याची याद आली का चुलीत फुकत बसावं. डोये पुसले तरी धूर लागला, असं सांगता येते.' स्त्री, एकाहत्तर..."

गावाचं नाव त्यांनी वाचलं नाही. धामणगावात रागिणीनं दुसऱ्या कुठल्या बाईपुढे टेप लावलाच नव्हता.

वच्छलाबाई आत गेल्या. मागोमाग रागिणी.

"टेप बंद केला म्हनली होती तू."

"बंदच होता, मावशी. मी नंतर आठवून लिहिलं. तुझं नाव कुठं टाकलंय?"

"नाव नाई टाकलं म्हने!"

"अख्ख्या कोशात इतकं खरं वाक्य दुसरं नाही गं. मला सोडवेना."

"ते माह्यं होतं, रागिणी."

मोझरीच्या भजनात खंजिरी वाजवणाऱ्या त्या मुलाबद्दल वच्छलाबाईंनी पन्नास वर्षांत एकदाच तोंड उघडलं होतं, तेही पोटच्या पोरीसारखी म्हणून हिच्यापाशी. आणि हिनं ते छापून वर नेमकं इथंच आणून दिलं. चारचौघांत कुणी पदर ओढावा तसं त्यांना झालं. चहा तसाच ठेवून रागिणी दुपारच्या गाडीनं गेली. तिला दारापर्यंत सोडायलाही त्या उठल्या नाहीत.

दिवसभर त्या मनातल्या मनात रागिणीला फाडून खात होत्या. बहिणीला फोन करून काय काय ऐकवायचं, तेही ठरलं होतं. नवऱ्यासाठीही उत्तर तयार होतं. तो कोण म्हणून विचारलं, तर लग्नाआधीची पोरकट गोष्ट, म्हणून सोडून द्यायचं.

संध्याकाळी त्या दारापुढच्या ओट्यावर चहा घेऊन गेल्या. नत्थुजींच्या मांडीवर पुस्तक मिटलेलं होतं. तो कोण, हे त्यांनी विचारलंच नाही.

"गॅससाठी चार वर्सं नंबर लावून बसलो होतो मी," ते म्हणाले. "या गल्लीत पयली शेगडी आपली. माय म्हने, काहून पाह्यजे ती? म्या म्हनलं, चुलीतल्या पऱ्हाटीच्या धुरानं हिचे डोये जातीन."

वच्छलाबाई कप धरून उभ्याच राहिल्या. रागिणीला ऐकवायचे शब्द एकदम कुठे गेले, ते त्यांना कळेना.

"मले तुह्या डोयातलं पानी पाहवत नव्हतं," नत्थुजी म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "मंग गॅस आल्यावर काय करत होती तू?"

वच्छलाबाईंनी कप ओट्यावर ठेवला. बोटांना सकाळच्या कांद्याचा वास अजून होता. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.