पन्नासपैकी सतरा

पाचव्या नमुन्याचा पेला नाकाशी नेला आणि ऑरिन टेस्कीला तो वास आला. जखमेवर लावायच्या चिकटपट्टीचा, दवाखान्याच्या बोळातला वास. त्याने पेला खाली ठेवला, कोरड्या बिस्किटाचा तुकडा चावला, पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा हुंगलं. वास तिथेच होता.

पण आता स्वतःच्या नाकावर त्याचा भरवसा उरला नव्हता. चीजच्या कारखान्यात चाळीस वर्षं ज्याने नुसत्या वासावर चीजची प्रत ठरवली, घरी गाळलेल्या बिअरच्या स्पर्धांमध्ये ज्याच्या शेजारी बसायला नवे परीक्षक धडपडायचे, तो ऑरिन गेली सात वर्षं चोरासारखा परीक्षण करत होता. आधी जोडीदार काय म्हणतो ते ऐकायचं, मग आपलं लिहायचं. कारण हा वास त्याला कुठेही यायचा. सकाळच्या कॉफीत, चर्चमध्ये, एकदा तर बायकोच्या केसांत. डॉक्टरांनी नाकात दिवा घालून पाहिलं आणि काही नाही म्हणून सांगितलं. वास कशाचा आहे, हे त्याने डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं आणि बायकोलाही.

सात वर्षांपूर्वी, याच हॉलमध्ये, अशाच मार्चमधल्या शनिवारी, त्याच्यासमोर एक बॉक आली होती. बॉक म्हणजे थंडी सरता सरता प्यायची तांबूस, जड बिअर. दिवसाचा एकोणिसावा नमुना. जीभ थकलेली, पोटात भूक, बाहेर सॉसेज भाजल्याचा धूर. बिअरला चिकटपट्टीचा वास होता. ऑरिनने पन्नासपैकी सतरा गुण दिले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘हे प्यायच्या लायकीचं नाही. दुसरा छंद शोधा.’ जोडीदाराला वाचून दाखवलं, दोघं हसले. खाली नियमाप्रमाणे सही केली आणि जेवायला गेला.

बाटलीवर नाव नसतं, नुसता आकडा असतो. ती बाटली डेल्बर्ट रॅडकीची होती, हे त्याला तीन आठवड्यांनी कळलं. डेल्बर्ट त्याच्याच क्लबातला. घरं तापवायच्या भट्ट्या दुरुस्त करणारा, एकटा राहणारा, सभेला मागच्या खुर्चीत बसून कुणाशी न बोलता निघून जाणारा. मार्चच्या शेवटी त्याची गाडी गोठलेल्या तळ्यावरच्या बर्फातून खाली गेली आणि तो बुडाला. तिशी-पस्तिशीपासून तो त्या तळ्यावर मासे धरत होता. बर्फ कधी गाडी पेलतं आणि कधी नाही, हे लोक त्याला विचारून जायचे. दफनानंतर सगळे त्याच्या घरी जमले, तेव्हा बटाट्याचं सॅलड घ्यायला म्हणून ऑरिन स्वयंपाकघरात गेला आणि फ्रिजच्या दारावर, चुंबकाखाली, त्याला स्वतःचं अक्षर दिसलं. सतरा. दुसरा छंद शोधा. कागदी ताटली हातात धरून तो किती वेळ तिथे उभा होता, ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. कुणी त्याला काही बोललं नाही. त्या संध्याकाळी घरी हात धुताना साबणाला पहिल्यांदा तो वास आला.

आणि आता या पेल्यात.

शेजारी जोनेल झरझर लिहीत होती. शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी, दोन वर्षांपूर्वी परीक्षकांची परीक्षा पास झालेली.

“मस्त आहे ही,” ती म्हणाली. “भाजलेल्या पावाचा वास, गोडवा अगदी मापात. मी अडतीस देतेय. तुमचे किती?”

“तुला दुसरा काही वास नाही ना आला?”

“नाही. का?”

“सहज.”

ऑरिनने छत्तीस लिहिले. दोन परीक्षकांच्या गुणांत सातापेक्षा जास्त फरक नको, असा नियमच आहे. नियम पाळला गेला, कुणाचं काही बिघडलं नाही. पुढची बाटली उघडली गेली. ती त्याने हुंगली, तर तिला तो वास नव्हता. साधी, स्वच्छ बिअर. नेहमी तो वास एका भांड्यातून दुसऱ्यात त्याचा पाठलाग करायचा. आज तो एकाच पेल्यात थांबला होता.

त्याने छत्तीसचा आकडा खोडला आणि मुख्य परीक्षक बर्टिलला हात करून बोलावलं. बर्टिल आला, उभ्यानेच पेला उचलला आणि एकदा हुंगून खाली ठेवला.

“चिकटपट्टी,” तो म्हणाला. “हे काय विचारायला बोलावलंस मला? तुला नाही आली?”

जोनेलचा चेहरा उतरला. तिने पुन्हा हुंगलं, मान हलवली. काहीच नाही. बर्टिलने तिला समजावलं, की काहींच्या नाकाला हा वास पोचतच नाही, त्यात कमीपणा नाही, फक्त आपलं आपल्याला माहीत असलेलं बरं. तो गेल्यावर ती ऑरिनकडे वळली. “तुम्हाला आला होता. मग मघाशी का नाही बोललात?”

ऑरिनने पेला पुन्हा उचलून हुंगला. वास खरा होता.

दोघांनी मिळून चोवीस गुण ठरवले. मग ऑरिनने शेरा लिहायला घेतला आणि रकाना पुरला नाही म्हणून कागद उलटून मागेही लिहिलं. दोष कृतीत नाही, पाण्यात आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यानेच हा वास येतो. पाणी तापवण्याआधी वाइनवाले वापरतात ती सल्फाइटची अर्धी गोळी विरघळवा, वास जाईल. बाकी बिअर उत्तम आहे, गोडवा विशेष जमला आहे. खाली सही, फोन नंबर.

दुपारी बक्षिसं झाली, गुणांच्या कागदांची पाकिटं ज्याची त्याला वाटली गेली. ऑरिन कोट चढवत होता, तेव्हा साठीची एक बाई समोर येऊन उभी राहिली. केस आखूड, हातात दोन कागद. एक नवा करकरीत, दुसरा घड्यांवर फाटत आलेला.

“मी कोरीन. डेल्बर्टची बहीण,” ती म्हणाली. “ही दोन्ही अक्षरं तुमचीच ना?”

“हो.”

“त्याच्या वहीत होती तशीच ही बॉक केली मी. घर तेच, भांडं तेच, नळ तोच. एक गोष्ट बदलली नाही.” तिने जुना कागद पुढे धरला. “हा मी किती वेळा वाचलाय, विचारू नका. बिघडलं काय होतं, तेवढंच यात नाही लिहिलेलं. ते कळावं म्हणून बाटली पाठवली.”

“पाणी,” ऑरिन म्हणाला.

“एवढंच?”

“एवढंच.”

गोळी केवढी असते, असं तिने विचारलं. त्याने करंगळीचं नख दाखवलं. ती त्या नखाकडे बघत राहिली.

ऑरिनने सात वर्षं मनात घोळवलेला प्रश्न शेवटी विचारला. “त्या दिवशी तळ्यावर तो... मुद्दाम गेला होता का?”

“मला नाही माहीत. गाडीत गळ होते, थर्मासमध्ये कॉफी होती. म्हणजे मासे धरायलाच गेला असेल.” तिने ओठ दाबले. “पण बर्फावर गाडी घातली की तो काचा खाली करायचा. नेहमी. उडी मारता यावी म्हणून. त्या दिवशी काचा बंद होत्या. थंडी होती खूप. तुम्हाला काय वाटायचं ते वाटू दे. मला रोज वेगळं वाटतं.”

त्याने माफी मागितली. तिने ती ऐकून घेतली, पण माफ केलं की नाही ते सांगितलं नाही. जुना कागद टेबलावर पसरला आणि बोट ठेवलं. “इथे खाली जागा आहे. तेव्हा जे लिहायला हवं होतं, ते लिहा.”

ऑरिन कोटासकट खाली बसला. पेन्सिलीने, जुन्या ओळींच्या खाली, पाण्याचं लिहिलं, अर्ध्या गोळीचं लिहिलं, गोडव्याचं लिहिलं. जुन्या ओळी खोडू का, म्हणून विचारलं. नको म्हणाली. लिहून झाल्यावर तिने उभ्यानेच वाचलं, कागद पुन्हा त्याच घड्यांवर दुमडला आणि हॉलमधून निघून गेली.

त्यानंतरही तो वास यायचा थांबला नाही. फरक एवढाच पडला, की परीक्षणाला बसला की ऑरिन आधी बोलायला लागला. चुकला तर जोडीदार सांगायचा, आणि तो मान्य करायचा. बायकोलाही त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, हे तू तेव्हाच सांगायला हवं होतंस.

पुढच्या मार्चमध्ये बॉकच्या टेबलावर बसवा, म्हणून त्याने बर्टिलकडे स्वतःहून मागितलं. तेरा बाटल्या आल्या. प्रत्येक पेला त्याने दोनदा हुंगला, सावकाश प्याला आणि कोरीनची बिअर ओळखायचा प्रयत्न केला. त्यातली एकही तिची नव्हती. नंतर बिअरचं सामान मिळतं त्या दुकानात कुणीतरी म्हणालं, की शरद ऋतूतच तिने डेल्बर्टचं घर विकलं आणि आयोवात मुलीकडे राहायला गेली. ती अर्धी गोळी तिने कधी पाण्यात टाकली की नाही, हे ऑरिनला कळलं नाही.