डोळसांची सोय

संपतने ओल्या वेताची पट्टी भोकातून वर ओढली आणि तिच्यावरून अंगठा फिरवला. खरखरीत लागली. गुळगुळीत बाजू खाली गेली होती. म्हणजे दुपारपासून विणलेलं सगळं उलटं.

"उकल," समोरून शमशुद्दीन म्हणाला.

"तुमाला कसं कळलं?"

"तू शिवी गिळलीस ती ऐकू आली."

शमशुद्दीन हवालदाराचे डोळे अठ्ठेचाळीस साली काश्मीरमध्ये गेले होते. संपतचे गेल्या वर्षी, पासष्टच्या लढाईत, पंजाबच्या सीमेवर. कसबा पेठेतल्या या खोलीत हवालदार खुर्च्या विणायचा आणि आपल्यासारखा कुणी आलाच, तर त्याला शिकवायचा. संपतची ही पहिली खुर्ची. सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्याची.

दारातली रिकामी बादली लवंडली.

"अगं आई गं! संपत, हायस का आत? काळोख केलाय नुसता!"

शमशुद्दीनने कपाळावर हात मारून घेतला. "दिवा! आजही विसरलो." भिंत चाचपून त्याने बटण दाबलं. "या बाई. डोळसांना अंधारात दिसत नाही बिचाऱ्यांना, हे आमच्या ध्यानातच राहत नाही. गिऱ्हाइकंसुद्धा दुकान बंद समजून परत जातात."

संपत मोठ्याने हसला. त्याची आई, मथुराबाई, मुंढव्याहून काही हसायला आली नव्हती.

"हसतोस? कोंडल्यावानी अंधारात बसलायस आन् हसतोस?" दिव्याखाली तिला त्याची बोटं दिसली. जागोजाग चिरलेली. तिने कोपऱ्यातली त्याची काळी पत्र्याची पेटी ओढून हातात घेतली. "चल. शेवटची गाडी गाठू. थोरला कमावतोय, भाकरीला तोटा न्हाई. तू नुसता बस."

"कुठं बसू?"

"वट्यावर बस. चार माणसं येत्याल, इचारपूस करत्याल."

"बसलो की उन्हाळाभर. येणारा-जाणारा च्‌च्‌ करायचा. कोंबड्या अंगावरनं जायच्या. त्यांनाबी कळलं हुतं, ह्यो काय उठत न्हाई."

मथुराबाई शमशुद्दीनकडे वळली. "हवालदार, तुमी तरी सांगा त्याला."

"मी काय सांगणार? जायचं तर जाऊ दे. खुर्ची तेवढी पुरी करून जाऊ दे. उलटी विणून पळाला, तर नाव माझं जाईल."

"पळत न्हाई मी," संपत म्हणाला.

उकललेली पट्टी त्याने पाण्यात बुडवली, अंगठ्याने तिची गुळगुळीत बाजू शोधली आणि पहिल्या भोकापासून पुन्हा सुरुवात केली. मथुराबाई पेटी मांडीशी धरून खाली बसली. थोड्या वेळाने त्याच्या हातून पट्टी निसटली. तिने ती चटकन उचलून त्याच्या हाताशी नेली.

"दे म्हनलो का मी?"

शमशुद्दीनचे हात थांबले. मथुराबाईने पट्टी होती तिथेच परत ठेवली. संपतचा तळवा फरशीवरून फिरत राहिला. एकदा पट्टीच्या अगदी जवळून गेला, तेव्हा तिने तोंडात पदर धरला. मग बोटांना वेत लागला.

एक ओळ पुरी झाली, दुसरी झाली. गाडीची वेळ झाली तशी ती उठली, पेटी कोपऱ्यात नेऊन ठेवली आणि तिच्यावर फडक्यात बांधलेल्या भाकरी ठेवल्या.

"पेटीवर भाकरी हाय. ठेचाबी हाय. हवालदारांनाबी दे."

"आई."

"काय रं?"

"आता गिऱ्हाईक येत न्हाई. जाताना बत्ती बंद कर. उगा जळतीया."

तिचा हात बटणावर गेला आणि तिथेच राहिला. तिने संपतकडे पाहिलं. तो खुर्चीवर वाकला होता. वर पाहायचं त्याला कारण नव्हतं.

तिने बटण दाबलं.

उंबऱ्यात ती क्षणभर उभी राहिली. आत काहीच दिसत नव्हतं. भोकातून वेत सरकल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला.

"आता कशी लागतेय?" शमशुद्दीनने विचारलं.

"गुळगुळीत."

मथुराबाईने भिंतीला हात लावला आणि पायाने पायरी चाचपत ती गल्लीत उतरली.