कराची, लंडन आणि नऊ पानं

मैलाचे दगड सरकारी रस्त्याला. परशूच्या वाडीत वाट मोजायची ती विड्याच्या पानांनी. एक पान तोंडात टाकून निघायचं, ते चघळून थुंकलं की दुसरं. पहिलं संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, असा नेम. या हिशेबानं तिनईघाट स्टेशन नऊ पानांवर होतं, आणि परशूची लेक केशर हिच्या लग्नाचं घोडं नेमकं तिथंच पेंड खात होतं.

स्टेशनाजवळच्या भाताच्या व्यापाऱ्याचा मुलगा विठ्ठल तिला सांगून आला होता. उळवीच्या जत्रेत तिनं त्याला पाहिलं होतं आणि तिथंच ती विरघळली होती. परशूला मुलगा पसंत, घर पसंत. वाट तेवढी नापसंत. त्याची बहीण पुतळी वीस पानांवर, दिग्गीला दिली होती. ती तापानं गेली आणि निरोप पोचला तिसऱ्या दिवशी. तेव्हापासून परशूचा शब्द होता, लेक तीन पानांच्या आतच द्यायची. वाघ आडवा आला तरी हा बाबा शब्द मोडायचा नाही, अशी लोक थट्टा करत.

केशर म्हणाली, आधी वाट मोजून बघ, मग नाही म्हण. परशूला हे रास्त वाटलं. बाजाराच्या दिवशी दोघं निघाली. तिच्या डोक्यावर मिरच्यांची टोपली, त्याच्या कमरेला चंची आणि चंचीत मोजून नऊ पानं.

पहिलं पान त्याच्या तोंडात गेलं आणि केशरनं विषय काढला. विठ्ठलनं वर्तमानपत्रात वाचलं होतं म्हणे, कराचीहून लंडनला आता विमान जातं. अडीच हजार कोस, सात दिवसांत.

परशू जागीच थांबला. त्यानं पान गालात सारलं.

"सात दिस म्हंजे पानं किती?"

झालं! दिवसाला वीस धरली तर एकशे चाळीस. पण विमान रात्री खाली उतरतं, मग रात्रीची पानं धरायची की नाही? वरून थुंकायचं कुठं? खाली समुद्र असला तर ठीक, पण एखाद्या राजाच्या पागोट्यावर पडलं तर? आणि लंडनात चुना मिळतो का? केशर विचारत सुटली, परशू काठीनं आभाळात रेघा ओढत उत्तरं देत सुटला. बोलणाऱ्याला चघळायला सवड कुठली? दोन ओढे ओलांडलेले त्याला कळलेही नाहीत. केशरला हसू आवरत नव्हतं आणि तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

इंजिनाची शिट्टी ऐकू आली तेव्हा तिसरं पान अजून त्याच्या गालात होतं.

परशूनं चंची उघडली. आत सहा पानं. त्यानं लेकीकडं पाहिलं, तर ती मान खाली घालून मिरच्या सारख्या करत होती. त्याला सगळं उमगलं. तो इतका हसला की शेवटी वाटेतच बसला.

"तीन बी संपली न्हाईत," तो डोळे पुसत म्हणाला. "शब्द म्हंजे शब्द. दिली तुला हितं. पन पोरी, तू संगं हुतीस म्हणून तीन. तुला सोडून एकटा माघारी जाईन, तवा नऊच लागतील न्हवं?"

केशरनं हात देऊन त्याला उठवलं.

मिरच्या विकून दोघं परतीला लागली. परशूनं पान तोंडात टाकलं, दोन पावलं चालला आणि आपणहून विचारलं, "केशर, लंडनास्नं कराचीला माघारी याला किती दिस लागतात गं?"