करार मोडल्यावरची पंगत

परदेशातल्या टौरंगा शहराच्या त्या वृद्धाश्रमात कोण कोणाशी बोलत नाही, याची नोंद सुनेत्राताईंच्या डोक्यात चोख असे. चार्ज नर्सला ती ठेवावीच लागते. नाहीतर ड्यूट्या लावताना नको त्या दोघांची जोडी जमते आणि आजोबांची अंघोळ राहते. अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात त्या नोंदीत भर पडली: फेलिसा आणि डोमिंगो.

दोघं फिलिपिन्सच्या उत्तरेकडच्या डोंगरातले, कलिंगा जमातीचे. (कलिंगा म्हटल्यावर सुनेत्राताईंचे यजमान गुरुनाथ थेट सम्राट अशोकावर घसरले होते, त्यांना परत आणण्यात एक संध्याकाळ गेली.) गावं शेजारशेजारची. मागच्या महिन्यापर्यंत स्टाफरूममध्ये एकाच कुकरमधला भात खायचे. आता ती सिंकपाशी उभ्यानं खायची आणि तो पार्किंगमध्ये, गाडीत बसून. पेशंट उचलताना मात्र दोघं बरोबर, कुरबुर नाही. सुनेत्राताईंनी बेरीज केली: तरुण मुलगी, तरुण मुलगा, काम चालू, जेवण बंद. म्हणजे प्रेम, आणि प्रेमात रुसवा.

तुला कुणी विचारलंय का, असं गुरुनाथ म्हणाले. पण पुण्यात दोन लग्नं जमवून आलेली बाई अशा प्रश्नानं थांबत नाही. रविवारी सुनेत्राताईंनी दोघांना जेवायला बोलावलं, एकाला दुसऱ्याचं न सांगता.

डोमिंगो आधी आला. फेलिसा ड्यूटी संपवून, तशीच युनिफॉर्मवर. दारात तिला आधी त्याचे बूट दिसले, मग तो. ती थबकली, पण परत फिरण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. येऊन बसली.

ताटं वाढली. कुणी हात लावेना. लाजताहेत, असं ठरवून सुनेत्राताईंनी त्यावरचा घरचा उपाय सुरू केला: आग्रह. भातावर भात, तुपावर तूप. आणखी एक पोळी यायला लागली तेव्हा फेलिसानं ताटावर हात आडवा धरला. डोमिंगो ग्लासाला बोटं लावून बसला होता, पाणी पीत नव्हता.

"सिस्टर," फेलिसा म्हणाली, "आम्ही नाही भांडलो. आमची गावं भांडलीत."

दोन गावांत तिच्या आजोबांच्या काळापासून करार होता. बोदोंग म्हणतात त्याला. शीव त्यातच ठरलेली: ओढ्याच्या अलीकडचं रान फेलिसाच्या गावाचं, पलीकडचं डोमिंगोच्या. करार सांभाळायचं काम तिच्या गावाकडून तिच्या वडिलांकडे, त्याच्या गावाकडून त्याच्या काकांकडे. आता सरकार जमातींच्या वडिलोपार्जित जमिनी मोजून कागदावर आणत होतं. मोजणीवाल्यांनी रेघ ओढ्यावरून न काढता वरच्या डोंगरधारेवरून काढली आणि अलीकडचं रान डोमिंगोच्या गावाकडे गेलं. मग कुणी कुंपण घातलं, कुणी ते तोडलं, एकाचा हात मोडला, आणि करार तुटला. तो पुन्हा जुळेपर्यंत एका गावच्या माणसानं दुसऱ्या गावच्या माणसाबरोबर अन्नपाणी घ्यायचं नाही.

सुनेत्राताईंच्या माहेरीही बांधावरून भांडणं होती. पण तिथे माणसं लग्नात शेजारी बसून जेवत आणि हात धुताना एकमेकांना शिव्या देत. इथे शिव्याच नव्हत्या.

गुरुनाथांनी विचारलं, "पण इतक्या लांब कोण बघतंय?"

"घरून फोन आला की विचारतात," फेलिसा म्हणाली. "मला खोटं बोलता येत नाही. मी याच्याबरोबर खाल्लं तर गाव म्हणेल, बापानं रान सोडलं. मग मोजणीवाल्यांपुढे त्यांचा शब्द कोण मानेल? फेरमोजणीसाठी तेवढाच उरलाय त्यांच्याकडे."

डोमिंगोनं ग्लास उचलला. "मी कंटाळलो. मला ते रान नकोय. मी पितो."

"ठेव." फेलिसानं त्याचं मनगट धरलं. "तू पिऊन करार जुळत नाही. तू एकटा पडतोस, आणि काकांना जाब द्यावा लागतो."

त्यानं ग्लास ठेवला.

एक ताट आत, एक बाहेर ओट्यावर वाढलं तर, असं सुनेत्राताईंनी विचारून पाहिलं. पातेलं एकच ना, असं फेलिसानं विचारलं. पातेलं एकच होतं. सकाळपासून काही खाल्लं नाहीये, असंही ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे, नुसतं सांगितल्यासारखं.

भरलेली ताटं सुनेत्राताईंनी स्वतःच्या हातानं उचलली. आयुष्यात पहिल्यांदा.

रविवारी बस नव्हती. डोमिंगो म्हणाला, सोडतो. रस्त्याला बंदी नाही. कोट घालताना फेलिसा दारात थांबली.

"आमच्या ड्यूट्या वेगळ्या करू नका, सिस्टर. जेवणाची सुट्टी तेवढी वेगळी द्या. काम बरोबर करता येतं, ते तरी राहू दे."

सुनेत्राताईंनी मान हलवली. पुढच्या आठवड्याच्या ड्यूट्या त्यांनी तशाच लावल्या, आणि पुढच्या महिन्याच्याही.