शेपटीतलं तिसरं इंजिन

विमानकाकांना विमानं आवडतात, असं सगळी गल्ली समजायची. खरं म्हणजे त्यांना एकच विमान आवडायचं. उरलेली सगळी विमानं, ती चालवणाऱ्या कंपन्या आणि त्यांत बसणारी माणसं यांचा त्यांना मनापासून तिटकारा होता.

पोटासाठी ते दातांच्या कवळ्या बनवत. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे यायचे, आणि काका भिंगाखाली एकेक दात घासत हाताशी बसलेल्या माणसाला, म्हणजे बहुतेक वेळा बायकोला, हल्लीच्या विमानांची उणीदुणी ऐकवायचे. "दोन इंजिनं, गोल नाक, फुगलेलं पोट. सगळी एका साच्यातून काढलेली. माझ्या कवळ्यासुद्धा एकमेकींपेक्षा वेगळ्या असतात!" कंपन्यांचा विषय निघाला की त्यांची कानस जास्तच जोरात चालायची. एक कंपनी गुडघे कानाला लावून बसवते, दुसरी पाण्याचे पैसे घेते, तिसरीने शेपटीवर असला रंग फासलाय की विमान आहे की मिठाईचं खोकं तेच कळत नाही. नातेवाइकांत कुणी तिकीट काढलं तर काकांपासून लपवून काढायचं, असा अलिखित नियमच झाला होता. कारण काकांना कळलं, की प्रवासाची हौस घरीच संपायची.

बायको म्हणायची, "अहो, तुमच्या तोंडाला चाकं नाहीत. एकदा वर गेलं की उतरतच नाही."

काकांचं ते एक विमान जुनं होतं. तीन इंजिनांचं. दोन पंखांखाली आणि तिसरं थेट शेपटीच्या बुडाशी. तरुणपणी विमानतळाच्या कुंपणाला नाक लावून त्यांनी ते उतरताना पाहिलं होतं, आणि तिथेच त्यांचं लग्न ठरल्यासारखं झालं. त्यात बसायचा योग मात्र आला नाही. हातात पैसे आले तोवर ते विमान भंगारात गेलं होतं. मग काकांनी ते मागच्या खोलीत बांधलं. प्लायवूडचं कॉकपिट, जुन्या मोटारीची सीट, समोर संगणकाचे तीन पडदे, आणि इंजिनांचे तीन दांडे. दांड्यांच्या मुठी त्यांनी स्वतः ओतल्या होत्या, कवळीच्या गुलाबी मसाल्यातून. त्यामुळे विमान चालवताना तीन हिरड्या पुढे ढकलल्यासारखं दिसायचं. पण हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती.

असं खोटं विमान, म्हणजे सिम्युलेटर, उडवणाऱ्यांची एक मंडळी होती, महिन्यातून एकदा एका गॅरेजात जमायची. काका तिथेही नाकाने कांदे सोलायचे. हा स्वच्छ उन्हातच उडतो, तो ढग आले की विमान थांबवून चहाला उठतो, तिसरा धावपट्टी सोडून स्वतःच्या घराचं छप्पर शोधत फिरतो. "ही काय विमानविद्या आहे? उंटावरून शेळ्या हाकणं आहे!" आणि तरी दर महिन्याला जायचे. कमी लेखायलाही माणसं लागतातच.

अशात लेकीने एका सकाळी सांगितलं, की तिने लग्नाचं ठरवलंय. मुलगा तिच्याच ऑफिसात. काकांनी मान वर न करता विचारलं, "बाप काय करतो?"

"निवृत्त झालेत. पायलट होते." लेक म्हणाली. "बाबा, ते तुमचं तीन इंजिनांचं... तेच चालवायचे. पुष्कळ वर्षं."

काकांच्या हातातली कवळी खाली पडली आणि तिचा एक पुढचा दात उडाला. मुलगा काळा की गोरा, काकांनी विचारलं नाही. त्यांना व्याही पसंत होता.

ठरलेल्या दिवशी काका नवीन शर्ट घालून, केस कापून निघाले. रिक्षात बसल्याबसल्या तोंडातल्या तोंडात प्रश्न पाठ करत होते. बायको म्हणाली, "मुलीचं बोलायला चाललोय हे लक्षात आहे ना?"

"आहे, आहे."

व्याह्यांचं घर नीटनेटकं होतं, पण काकांना आत शिरताच ठेच लागल्यासारखं झालं. भिंतीवर विमान नाही. कपाटात विमान नाही. टोपी नाही, पदक नाही. सगळ्या घरात ताज्या पावाचा वास भरलेला, आणि व्याही पिठाने माखलेल्या हातांनी, एप्रन बांधून दारात उभे. निवृत्त झाल्यापासून त्यांना पाव भाजायचा नाद लागला होता.

चहा होईपर्यंत काकांनी कसाबसा धीर धरला. मग म्हणाले, "तीन इंजिनांचं ते... कसं होतं हो आतून?"

व्याह्यांनी विचार केला. "गरम व्हायचं फार."

"नाही, म्हणजे चालवायला?"

"बस असते तशी. मोठी बस."

"आणि उड्डाण? तिन्ही इंजिनं एकदम..."

"आवाज यायचा," व्याही म्हणाले, आणि काकूंकडे वळून, "पाव घ्या ना, गरम आहे तोवर."

काकांनी शेवटचा प्रश्न टाकला. एवढ्या वर्षांत चालवलेल्या सगळ्यांत उत्तम विमान कुठलं?

"ज्याचा एसी चालतो ते," व्याही म्हणाले. मुलगा हसला, लेक हसली, बायको तर खोकला येईपर्यंत हसली. काका हसले नाहीत.

घरी येताना त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "गाढवाला गुळाची चव काय! देवाने राजहंस दिला हातात, आणि हा म्हणतो बस! असल्या अरसिक घरात मी मुलगी द्यायची?"

"बाबा, मी तुम्हाला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं," लेक म्हणाली. "आणि मी विमानाशी लग्न करत नाहीये."

पुढच्या रविवारी व्याही परत भेटीला येणार होते. काकांनी आठवडाभर मागची खोली पुसली. काकूंना वाटलं, राग निवळला. निवळला नव्हता. काकांनी सिम्युलेटरवर सगळ्यांत अवघड धावपट्टी लावून ठेवली होती. डोंगराच्या कुशीतली, आखूड, वर आडवा वारा आणि पाऊस.

व्याही मुलाबरोबर आले, हातात पावाची लादी घेऊन. चहाचा कप खाली ठेवायच्या आत काकांनी त्यांना मागच्या खोलीत नेलं. पाठोपाठ लेक आणि तिचा होणारा नवराही दारात येऊन उभे राहिले.

व्याह्यांनी गुलाबी मुठींवरून बोट फिरवलं. "कशाच्या केल्यात या?"

"ते जाऊ द्या. बसा. उतरवून दाखवा."

"नको हो, सवय गेली."

"बस तर आहे," काका म्हणाले. "मोठी बस."

व्याही बसले. सुरुवातीला हात बरे चालले. मग ढग आले. पडद्यावर डोंगर कधी दिसायचा, कधी नाहीसा व्हायचा, आणि व्याही सीटवर चुळबुळ करायला लागले, कुणी हाक मारेल म्हणून कान देऊन बसल्यासारखे. धावपट्टी दिसली तेव्हा विमान फार खाली आलं होतं. त्यांनी तिन्ही मुठी पुढे ढकलल्या, पण उशीर झाला. पडदा लाल झाला.

"सगळे मेले," काका म्हणाले. आवाजात आनंद लपत नव्हता. "शंभर वेळा उतरवलंय मी इथे."

व्याही पडद्याकडे बघत राहिले. "ही सीट काहीच सांगत नाही," ते म्हणाले. "खरं विमान आधी बुडाला कळायचं, मग डोळ्यांना. इथे सगळं डोळ्यांनीच करायचं."

"नाचता येईना, अंगण वाकडं!"

"असेलही." व्याह्यांनी कपाळ पुसलं. कपाळाला खरोखरच घाम आला होता. "खरं सांगू? मला कधी आवडलंच नाही हे काम. भीती वाटायची. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. घर चालवायचं होतं म्हणून केलं."

मुलानेही हे पहिल्यांदाच ऐकलं असावं, कारण तो वडिलांकडे बघतच राहिला. त्या क्षणी काकांनी तोंड आवरलं असतं तर निभावलं असतं. पण त्यांना कुंपणापलीकडचं विमान आठवलं, आणि त्या विमानाच्या नाकात हा माणूस बसलेला दिसला, थरथरत.

"म्हणजे भित्रा माणूस बसला होता माझ्या विमानात!" काका म्हणाले.

"हो," व्याही म्हणाले. उठले, बाहेर जाऊन काकूंना नमस्कार केला, आणि मुलाला घेऊन गेले.

लेक रडली नाही. तिने एवढंच सांगितलं, "लग्न ठरलेल्या दिवशीच होणार. तुम्ही त्यांची माफी मागितलीत तर या. नाहीतर येऊ नका." काकूंनी व्याह्यांचा पाव कापला आणि काकांना न विचारता एकट्याच खात बसल्या. काकांना ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं. तरी अकड जाईना. खरं बोललो, त्यात माफी कसली?

गॅरेजातल्या बैठकीत त्यांनी हा किस्सा रंगवून सांगितला. खरा कॅप्टन, माझ्या खोलीत, डोंगरात! मंडळींना कधी नव्हे ते काकांचं बोलणं आवडलं. गॅरेज हास्याने दणाणलं. चहाला उठणारा तो गृहस्थ डोळे पुसत म्हणाला, "अहो, हे पगारी पायलट म्हणजे नुसते भित्रे ससे. बटणं दाबायची आणि झोपायचं. आपण बसलो असतो तर दाखवलं असतं!"

बोलणं काकांचंच होतं, फक्त शब्द वेगळे. पण या माणसाच्या तोंडून, एका हातात बिस्कीट असताना, ते भलतंच ऐकू आलं.

"तुम्ही?" काका म्हणाले. "तुम्ही ढग आला की विमान थांबवता. त्याला थांबवता येत नव्हतं. घाबरलेला असून रोज जाऊन बसायचा. तुमच्या बुडाखाली गॅरेजची फरशी आहे, फरशी!" आणि मग, स्वतःवरच चिडल्यासारखे, "माझ्याही."

ते तिथून तडक व्याह्यांकडे गेले. वाटेत माफीची वाक्यं जुळवत होते, एकही धड जुळेना. कवळी बसत नसली की काका ती पुन्हा घासत, तसं त्यांनी एकच वाक्य दहादा घासलं, तर शेवटी काहीच उरलं नाही.

व्याही ओट्याशी पीठ मळत होते. काकांना बघून त्यांनी हात थांबवले नाहीत. "बसा," म्हणाले.

काका स्टुलावर बसले. आणि भलतंच बोलून गेले. "भीती कधी वाटायची?"

व्याह्यांनी गोळा ओट्यावर आपटला. काकांना वाटलं, आता बाहेरचा रस्ता दाखवतील.

"तिसऱ्या इंजिनाची वाटायची," ते म्हणाले. "बाकीची दोन खिडकीतून मान वळवली तर थोडीफार दिसायची. शेपटीतलं कधीच दिसायचं नाही. म्हणून मी त्याचंच ऐकत असायचो. ते सुरू झालं की पायाखालचं पेडल बारीक थरथरायचं, मांजर घुरघुरतं तसं. ती थरथर जरा बदलली की मी त्याच्या मापकाचा काटा बघत बसायचो."

"बदलायची?" काकांनी विचारलं.

"पावसात बदलायची. थंडीत वेगळीच. आणि ढगातून उतरताना पेडल एकदम शांत व्हायचं, म्हणजे इंजिन बंद पडलं की काय असं दर वेळी वाटायचं. दर वेळी. माहीत असून." व्याह्यांनी पिठाचा गोळा उलटा केला. "पाऊस लागला की डाव्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून थेंब यायचा, बरोबर माझ्या गुडघ्यावर. मी तिथे रुमाल ठेवायचो. बाजूच्याला वाटायचं, सवय आहे. हात कापायचा तो लपवायला ठेवायचो."

व्याही बोलत गेले. उतरताना नाक किती वर धरावं लागायचं, चाकं लागायच्या आधी पाठीच्या कण्यात काय व्हायचं, उतरल्यावर सगळे प्रवासी जाईपर्यंत ते जागेवरून का उठायचे नाहीत. कुणीही न सांगितलेलं ते सगळं विमान, जिन्यापासून शेपटीपर्यंत, त्या ओट्यावर पिठाच्या धुळीत उभं राहिलं. काका ऐकत होते. आवडणाऱ्या माणसाला जे दिसलं नसतं, ते या घाबरलेल्या माणसाने रोज पाहून ठेवलं होतं. मध्ये एकदाच काकांच्या तोंडून "अरे वा" निघालं. हे दोन शब्द त्यांनी कधी वापरल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

पाव भट्टीत गेला तसे काका उठले. घरी बायको दारातच होती. "मागितलीत?"

"काय?"

"माफी!"

काकांनी कपाळावर हात मारला. "राहिलंच."

"मग इतका वेळ काय केलंत?"

"त्याला सगळं माहीत आहे गं," काका म्हणाले. "सगळं."

काकूंनी त्यांना उंबरठा ओलांडू दिला नाही. ते तसेच मागे फिरले. व्याह्यांनी दार उघडलं तेव्हा काका म्हणाले, "मी तुम्हाला भित्रा म्हणालो. ते चुकलं."

"भित्रा तर होतोच."

"असाल. पण मी म्हणायला नको होतं. मी कुंपणाबाहेरचा माणूस."

व्याही हसले नाहीत, गळ्यातही पडले नाहीत. आत जाऊन त्यांनी गरम पाव कागदात गुंडाळून आणला, काकांच्या हातात दिला आणि म्हणाले, "बायकोला द्या. वाटेत खाऊ नका."

लग्न झालं. फारसा गाजावाजा न करता, नीट झालं. जोडपं फिरायला निघालं तेव्हा दोन्ही घरची माणसं विमानतळावर पोचवायला गेली. काचेपलीकडे त्यांचं विमान उभं होतं, दोन इंजिनांचं, पोट फुगलेलं, शेपटीवर केशरी गुलाबी पट्टे. काकांनी डोळे बारीक केले, श्वास भरून घेतला आणि सुरू झाले. कंपनी कशी भिकार, सीट कशा अरुंद, आणि हा रंग ज्याने निवडला त्याला कवळीचासुद्धा रंग निवडू देऊ नये. व्याही बाजूला उभे राहून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "आणि यांचा चहासुद्धा पाणचट."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. "बोला, बोला," ते म्हणाले, आणि जरा सरकून त्यांनी व्याह्यांना काचेशी जागा करून दिली.