आणखी एक फेरी

मंगळवारी सकाळी, म्हणजे बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी, आम्ही दोघं एका बंद पडलेल्या धावपट्टीवर छोट्या लाल गाडीत बसलो होतो आणि बाबा तिचं माहितीपुस्तक वाचत होते. तिसऱ्यांदा.

"डावा पाय ब्रेकवर गच्च, उजव्याने अॅक्सिलरेटर पार खाली. इंजिन गुरगुरत थांबतं. मग ब्रेक सोडायचा, बाकी सगळं गाडी बघून घेते. याला म्हणे लाँच कंट्रोल." त्यांनी चष्मा काढला. "मग मी काय करायचं? नवरदेवासारखं नुसतं बसायचं?"

"बाबा, मला अकराला मीटिंग आहे."

"हो गं बाई, निघालोच."

शहरात बाबा ताशी पस्तीसच्या वर जात नसत. आई म्हणायची, "अहो, तो सायकलवाला पुढे गेला." बाबा म्हणायचे, "जाऊ दे, त्याला काम असेल." आणि याच माणसाने तीस वर्षं एका मासिकात छोट्या गाड्या शून्यावरून शंभरवर किती सेकंदांत पोचतात, हे लिहिलं. कंपन्यांचे आकडे त्यांनी कधी तसेच्या तसे छापले नाहीत.

त्यांची एक पद्धत होती. ती दुसरं कोणी पाळत असेल असं वाटत नाही. काचेला चिकटवलेलं यंत्र अचूक वेळ मोजायचंच, पण बाबांच्या मते यंत्रालाही साक्षीदार हवा. म्हणून शेजारच्या सीटवर स्टॉपवॉच घेऊन मी. गाडी हलली की बटण. काटा एकशेतीनवर गेला की पुन्हा बटण, कारण काटा नेहमी तीनने फुगवून सांगतो. यंत्र आणि हात यांत सेकंदाच्या तीन दशांशांहून जास्त फरक पडला, तर फेरी रद्द. माझ्या चौदाव्या वर्षी त्यांनी ते घड्याळ माझ्या हातात दिलं, त्याला बावीस वर्षं झाली.

फेऱ्या पुष्कळ रद्द व्हायच्या, कारण मी दुसरं बटण उशिरा दाबायची. मुद्दाम. फेरी रद्द झाली की गाडी वळवून सावकाश सुरुवातीच्या रेषेवर आणावी लागे, आणि त्या वाटेवर बाबा बोलत. घरी ते वर्तमानपत्रामागे असत. नापास झालेलं वर्ष, धाकट्या काकाशी धरलेला अबोला, आईला पाहायला गेले तेव्हा फाटका मोजा लपवायला केलेली कसरत, हे सगळं मला त्या धावपट्टीवर कळलं. शंभर गाठायला दहा सेकंद, परतायला पाच मिनिटं. मला ती पाच मिनिटं हवी असत.

बाबांनी निष्कर्ष काढला, की माझा हात मंद आहे. त्यांनी मला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली आणि माझी लाथ खाता खाता वाचले. बाबा म्हणाले, "पायाचं नाही हो, हाताचं बघा." लग्न ठरलं तेव्हा त्यांनी माझ्या नवऱ्यालाही प्रामाणिकपणे कल्पना दिली. छापलेले आकडे नेहमी खरेच होते. खोटी होते ती मी. एकदा सांगून टाकायचं, असं दरवेळी ठरवायची आणि दरवेळी पुढच्या गाडीवर ढकलायची.

त्या मंगळवारी मी बटण वेळेवर दाबलं. तिन्ही फेऱ्यांत. कंपनी सात पूर्णांक नऊ म्हणत होती. आमचे आले आठ चार, आठ तीन, आठ चार. यंत्र आणि हात तंतोतंत. बाबा आळीपाळीने दोन्हीकडे बघत राहिले.

"काय गं, आज काय खाऊन आलीस?"

परतताना ते म्हणाले, "मी तुझ्याएवढा असताना एकदा," आणि माझा फोन वाजला. ऑफिसचा होता. मी घेतला. मीटिंग शेवटी अकरा वीसला सुरू झाली.

बुधवारी सकाळी बूट घालायला वाकले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, "एका क्षणात गेले." असलं मोघम उत्तर बाबांनी चालवून घेतलं नसतं.

नवव्या दिवशी संपादकांचा फोन आला. आई समोर बसून बाबांचे शर्ट घड्या करून ठेवत होती.

"ताई, सरांनी मंगळवारी संध्याकाळीच लेख पाठवला होता. शेवट वाचून दाखवतो: 'यंत्र आणि हात तिन्ही वेळा जुळले. माझ्या सहकाऱ्याच्या हाताविषयीचं माझं मत चुकीचं होतं, असं वाटत नाही; तो बावीस वर्षांच्या सरावाने सुधारला आहे.' फार गोड आहे. ठेवू ना?"

"काढा ते."

"का? आकडे चुकलेत का?"

"आकडे बरोबर आहेत. वाक्य चूक आहे."

"ताई, सरांचं शेवटचं वाक्य आहे हो."

"म्हणूनच काढा. त्यांनी चुकीचं काही कधी छापलं नाही." माझा आवाज मला वाटलं त्यापेक्षा मोठा आला. "हात कधीच मंद नव्हता. मी मुद्दाम उशिरा दाबायची. मला त्यांच्याबरोबर आणखी एक फेरी हवी असायची."

आईने हातातला शर्ट खाली ठेवला.

"आणि मंगळवारी?" संपादकांनी विचारलं.

"मंगळवारी मला घाई होती."